शंका आली तर चुनखडी

नॉर्डहेम, आयोवा
१२ जानेवारी १९९४

प्रिय अर्लेन,

तुझा पेकन अक्रोडांच्या वड्यांचा डबा पोचला. अर्ध्या मी घरी खाल्ल्या आणि अर्ध्या कॉलेजात विभागासाठी नेल्या. विभागात कुणी खाल्ल्या म्हणून विचारशील, तर विभागातही मीच असते.

आता बातमी ऐक, आणि बसून ऐक. आमचं हॅल्व्हरसन कॉलेज फुटबॉल सुरू करतंय. ज्या कॉलेजात आजवर सगळ्यात जोराचा खेळ म्हणजे पाद्रीबुवांची बागेतली, लाकडी हातोडीने चेंडू सरकवायची क्रोके स्पर्धा, तिथे आता येत्या पानगळीपासून हेल्मेटवाली पोरं एकमेकांच्या अंगावर धावणार. संघाचं नावही ठरलंय. कॉलेजच्या शिक्क्यावर तळ्यातला बगळा आहे, म्हणून संघाचं नाव ‘बगळे’. समोरचा संघ हसून हसून हरावा अशी योजना असेल तर माहीत नाही.

हे सगळं आमचे नवे अध्यक्ष प्रेंटिस बोल्डरिज यांच्या डोक्यातून निघालंय. पोरं येत नाहीत, वसतिगृहाचा एक अख्खा मजला कुलूपबंद आहे, हे खरं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या पोराला मोठी युनिव्हर्सिटी खेळायला घेत नाही, पण खेळल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो पोरगा पूर्ण फी भरून आपल्याकडे येईल. अशी पाऊणशे-ऐंशी पोरं आली की त्यांच्या मागे पोरी येतील, बँड येईल, माहितीपुस्तकाच्या फोटोत हिरवळ भरलेली दिसेल आणि कॉलेजचं नाव होईल. त्यासाठी मैदानाला दिवे, नवी बस आणि माझ्या दीडपट पगाराचा कोच. माझ्या प्रयोगशाळेचं छत गळतं, तिथे बादली आहे. ती बादली अंदाजपत्रकात नाही.

तू टेक्सासात अठ्ठावीस वर्षं शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतोस. या धंद्यातल्या सगळ्या लबाड्या तुला ठाऊक. आठ फेब्रुवारीला प्राध्यापकांची सभा आहे आणि मतदान आहे. मला दारूगोळा पाठव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस.

तुझी,
हेडविग

---

माउंट कॅल्डर, टेक्सास
२२ जानेवारी १९९४

प्रिय प्रोफेसरबाई,

तुझं पत्र आज आलं आणि आजच उत्तर लिहितोय, नेहमीसारखं.

घे दारूगोळा. हेल्मेटं दर दोन वर्षांनी बदलावी लागतात. विमेवाला पहिल्या मोडलेल्या हाडानंतर हप्ता वाढवतो. पोरं खातात किती हे तुमच्या खाणावळीच्या बाईंना आजच सांगून ठेवा, नाहीतर त्या नोकरी सोडतील. आणि मैदानाला दिवे लागले की तिसऱ्या वर्षी कुणीतरी उठून म्हणणार, दिवे आहेत तर बसायला जागा नको का? मग जागा, मग छप्पर, मग छपराखाली पैसेवाल्यांसाठी काचेची खोली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मत हरलीस तर एक अट घाल. सत्राच्या मध्यावरच्या निकालात पोरगा एका जरी विषयात नापास झाला, तर निकाल कोचच्या हातात पडल्या क्षणापासून तो मैदानात उतरणार नाही. कुठल्याही कोचला ही अट सांग आणि त्याचं तोंड बघ.

पण एक गोष्ट तुझ्या विरोधात लिहितो. मी इथे सगळ्यांना सांगत असतो, की माझी बहीण हॅल्व्हरसनला शिकवते. लोक विचारतात, ती बियाण्यांची कंपनी का? रविवारच्या पेपरात फुटबॉलचे निकाल छापतात, हेडी. जिंकलेल्याचं नाव छापतात आणि हरलेल्याचंही छापतात, तेही फुकट. याला तुझ्याकडे काय उत्तर आहे ते तयार ठेव.

जाता जाता विचारतो. कॉलेजमागचं मैदान अजून एप्रिलात पाण्याखाली जातं का? हार्डवेअरच्या दुकानावरची खोली अजून भाड्याने देतात का? आणि हा बोल्डरिज शब्दाला पक्का आहे का? एका मित्राला हवं आहे.

तुझा,
अर्लेन

---

नॉर्डहेम
९ फेब्रुवारी १९९४

प्रिय अर्लेन,

हरले. तुझी हेल्मेटं, विमा, काचेची खोली, सगळं मांडलं. सभा माझ्या बाजूने हसली आणि त्यांच्या बाजूने हात वर केले. बोल्डरिजनी एकच विचारलं, “प्रोफेसर टॉर्केल्सन, तुमच्याकडे पोरं आणायचा दुसरा उपाय आहे का?” माझ्याकडे नव्हता. तीस वर्षं दगडांवर बोलतेय; शेवटी तुझी अट मांडली आणि खाली बसले.

तुझी अट मात्र सगळ्यांनी मान्य केली, अध्यक्षांनीसुद्धा. जेवणाची वेळ होऊन गेली होती, त्यामुळे कुणी चर्चाच केली नाही.

आता वाईट भाग. सभेनंतर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, खर्च वाढला की कुठेतरी कात्री लागणारच. भूगर्भशास्त्र हा मुख्य विषय म्हणून घेणारी सध्या चार पोरं आहेत. पुढच्या वर्षी एक मेपर्यंत ती बारा झाली नाहीत, तर विभाग बंद. मला म्हणे सन्मानाने निवृत्त करतील, आणि दगडांच्या संग्रहाच्या खोलीत वजनं उचलायची यंत्रं बसवतील. अर्लेन, त्या खोलीतल्या पहिल्या कपाटात बाबांनी खाणीतून आणलेली ती चुनखडी आहे, शिंपल्याचा ठसा असलेली. मी सहा वर्षांची होते आणि तू तोंडात घालायला बघत होतास. त्या कपाटाच्या जागी यंत्रं बसवणार आहेत, आणि मला ते सहन होत नाही, हे मी फक्त तुला लिहितेय.

तुझ्या मित्राला सांग, मैदान अजून पाण्याखाली जातं, खोली भाड्याने मिळते, आणि बोल्डरिज शब्दाला पक्का आहे, दुर्दैवाने. पण तुझा कोण मित्र नॉर्डहेमला राहायला येतोय? इथून लोक जातात, येत नाहीत.

हेडविग

---

हॅल्व्हरसन कॉलेज, भूगर्भशास्त्र विभाग
१८ मार्च १९९४

माननीय कोच श्री. अर्लेन टॉर्केल्सन यांस,

काल प्राध्यापकांच्या सभेत अध्यक्ष महोदयांनी फुटबॉलच्या नव्या कोचचं नाव जाहीर केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कॉफी होती, ती पुढच्या रांगेतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांच्या अंगावर गेली. धुलाईचा खर्च आपल्याकडे पाठवत आहे.

आपण ज्या ‘मित्रा’साठी चौकशी करत होता त्यांना माझ्या शुभेच्छा कळवाव्यात. आपण माझ्याकडून मैदानाच्या पाण्याची माहिती काढलीत, खोलीची काढलीत, अध्यक्षांच्या स्वभावाचीही काढलीत. मी आपल्याला बाबांच्या दगडाबद्दल लिहीत होते, तेव्हा आपण बहुधा सामानाची खोकी बांधत होता.

यापुढे आपल्याशी माझं बोलणं होणार नाही. कॉलेजच्या कामासाठी काही कळवायचं असल्यास कॉलेजच्या अंतर्गत टपालाने कळवावं.

आपली,
प्रा. हेडविग टॉर्केल्सन

---

माउंट कॅल्डर
२३ मार्च १९९४

प्रिय हेडी,

‘आपण’ वाचून दोनदा पाकिटावरचा पत्ता तपासला.

कॉफीचे पैसे देतो. बाकीचं सांगतो, रागाने का होईना, पण वाच. इथे शाळेने मला जूनपासून मोकळं केलंय. त्यांना तरुण कोच हवाय, ज्याला कॉम्प्युटरवर सामन्यांच्या फिती बघता येतात. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, बरं झालं, सुटलास. मला सुटायचं नव्हतं. बोल्डरिजची जाहिरात मी डिसेंबरातच पाहिली होती. तुझं पत्र आलं तेव्हा फोनवर मुलाखत होऊन गेली होती, आणि तू लिहिलंस, मला दारूगोळा पाठव. काय करणार होतो? पाठवला. सगळा खरा पाठवला, ती अटसुद्धा. आता ती माझ्याच गळ्यात आहे, आणि इथले सगळे कोच मला वेडा म्हणतात.

बाबांच्या दगडाबद्दल वाचलं तेव्हा खोकी बांधत नव्हतो. मागच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. मी फुटबॉल आणतोय तो तुझं कपाट हलवायला नाही. ते पटवून द्यायला मला फुटबॉलचा एक मोसम लागेल. तोवर बोलू नकोस. पण लिहीत जा. तू लिहिलं नाहीस तर मला कळणार नाही, की तू अजून कशावर चिडली आहेस.

तुझा,
अर्लेन

---

हॅल्व्हरसन कॉलेज, अंतर्गत टपाल
७ सप्टेंबर १९९४

कोच,

तुमची पोरं आली. त्यातली जवळजवळ निम्मी माझ्या ‘पृथ्वी आणि तिचे दगड’ या वर्गात आली. बाकांमध्ये त्यांचे गुडघे मावत नाहीत. ड्वेन कोपेकी नावाचा सेडर रॅपिड्सचा एक पोरगा दोन खुर्च्या जोडून बसतो, आणि त्या दोन्ही करकरतात.

मला दया नको आहे. वर्ग भरल्याचं दाखवून माझा विभाग वाचवायचा तुमचा बेत असेल, तर तो परत घ्या. कोचच्या हुकुमाने बसलेली पोरं त्या बारा जणांत मोजली जाणार नाहीत, आणि मीही ती मोजू देणार नाही.

शिवाय एक तक्रार. खनिज ओळखताना चव घेता येते, हे मी सैंधवापुरतं सांगितलं होतं. पोरांनी त्या दिवसापासून दिसेल तो दगड चाटायला सुरुवात केली आहे. काल ग्रंथालयाची पायरी चाटताना एकाला पकडलं.

हे. टॉ.

---

हार्डवेअरवरची खोली
८ सप्टेंबर १९९४

प्रिय हेडी,

दया वगैरे काही नाही. पोरांना प्रयोगशाळेचा एक विषय घ्यावाच लागतो. जीवशास्त्र पाचला सुटतं, रसायन सहाला, तुझा वर्ग अडीचला. सराव तीनला. यात माझा हात असेल तर एवढाच, की मी त्यांना घड्याळ बघायला शिकवलं.

चाटण्याचं खरंय. शनिवारी सामना चालू असताना कोपेकीने गुणरेषेवरची पांढरी पूड बोटाने चाखून बघितली आणि पंचाला म्हणाला, “सर, हे जिप्सम वाटतंय.” तेवढ्यात त्याच्या शेजारून समोरचा गडी चेंडू घेऊन पळाला. आम्ही एकेचाळीस-शून्यने हरलो. रविवारी डे मॉइनच्या पेपरात आलं: हॅल्व्हरसन, शून्य. नाव बरोबर छापलं होतं, एकही अक्षर चुकलं नव्हतं. मी कात्रण कापून ठेवलंय.

आणि गाव आलं होतं, हेडी. पाच वर्षांत कॉलेजच्या फाटकात पाय न टाकलेली माणसं गाड्यांची मागची फळी पाडून सॉसेज भाजत होती. हरल्यावरही कुणी घरी जाईना. बोल्डरिजना मात्र शून्य आवडलेलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना जिंकलाच पाहिजे म्हणतात. त्या दिवशी देणगीदार येणार आहेत.

कचेरीतून बोलणी बसली, की मी अंतर्गत टपाल सोमवारशिवाय उघडत नाही. खरं आहे. माझ्या खोक्यात परिपत्रकांचा ढीग कोंबलेला असतो आणि शनिवार होईपर्यंत मला कशाची शुद्ध नसते. 

घरी लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, करतेस का अजून? नुसतंच विचारतोय.

अर्लेन

---

अंतर्गत टपाल
शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९९४

कोच टॉर्केल्सन यांस,

सत्रमध्याचा निकाल सोबत आहे. आपल्या संघातले नऊ जण माझ्या विषयात नापास आहेत. त्यात पुढच्या फळीतले सगळे आहेत. कोपेकी पहिला.

परीक्षा साधी होती. ताटात वीस दगड ठेवले होते आणि ते ओळखायचे होते. या नऊ जणांनी अडलेल्या प्रत्येक दगडापुढे ‘चुनखडी’ लिहिलं. ताटात चुनखडी एकच होती. गारगोटी चुनखडी, कोळसा चुनखडी. कोपेकीने तर ताटाखालच्या विटेलाही नंबर आहे असं समजून तिथेही चुनखडी लिहिलं.

त्यांना हे कुणी शिकवलं असेल याचा मला अंदाज आहे. बाबांच्या खाणीत वाढलेल्या, पण माझा एकही शब्द कधी न ऐकलेल्या माणसाचं हे काम आहे.

अध्यक्ष महोदय आज दोनदा माझ्या खोलीत येऊन गेले. मी आकडे बदललेले नाहीत.

हे. टॉ.

---

हार्डवेअरवरची खोली
रविवार, १६ ऑक्टोबर १९९४

प्रिय हेडी,

हो, मीच. पोरं विचारत होती, कोच, दगड ओळखूच आला नाही तर काय लिहायचं? मी म्हटलं, आयोवात शंका आली तर चुनखडी. मला वाटलं, एखाद्या दगडापुरतं विचारतायत.

तू काल मेळाव्याच्या सामन्याला वरच्या रांगेत होतीस. लाल टोपी घातलीस म्हणजे ओळखू येणार नाहीस असं तुला वाटतं, पण ती टोपी मीच दिलेली आहे. म्हणजे तू सगळं पाहिलंस. तरी माझ्या बाजूने सांगतो.

शुक्रवारी चारला तुझं पाकीट मिळालं. तसाच बोल्डरिजकडे गेलो आणि म्हटलं, नऊ पोरं बसणार. त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांना पाणी दिलं. म्हणाले, “कोच, हे पाकीट तुम्ही सोमवारी उघडलं असतं तर?” मी म्हटलं, पण माझ्या हातात शुक्रवारी आलं.

शनिवारी सकाळी नऊही जण माझ्यासमोर माना खाली घालून उभे. कोपेकीची आई सेडर रॅपिड्सहून आली होती. त्याने तिला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, गणवेश घाला, बाकावर बसायचंच आहे तर रिकाम्या हाताने बसू नका. मग तुझ्या प्रयोगशाळेच्या रखवालदाराला विनवून सरावाची ताटं आणली. चोरली असं म्हणू नकोस, संध्याकाळी परत ठेवली.

पुढचं तू बघितलंस. मैदानावर आमची उरलेली बारकी पोरं मार खातायत, आणि बाकावर नऊ दांडगे गडी, खांद्यावर संरक्षक गाद्या बांधलेले, मांडीवर ताट, डोळ्याला भिंग, हातात चुनखडी ओळखायच्या आम्लाची बाटली. मध्यंतरात बँडसुद्धा त्यांच्याकडे बघत वाजवत होता. पेपरवाला फोटोग्राफर आला होता जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो काढायला, त्याने सगळी फिल्म बाकावरच संपवली. मला विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, आम्ही आज चुनखडीशी हरलोय. अठ्ठेचाळीस-शून्य.

कोपेकीबाई शेवटी खाली उतरल्या. मला वाटलं, आता मला धरून हलवणार. त्यांनी ड्वेनच्या हातातलं ताट पाहिलं आणि विचारलं, “हा कोणता?” तो म्हणाला, “गारगोटी, आई. काच ओरखडते.” त्या म्हणाल्या, “हे परीक्षेत का नाही आलं?” आणि मला म्हणाल्या, “कोच, ही दगडांची बाई कोण आहे? मला तिला भेटायचंय.” मी वर बोट दाखवलं, तोवर तू निघून गेली होतीस.

हा मोसम मी हरलोय, हेडी. सगळेच सामने हरणार असं दिसतंय. बोल्डरिज पुढच्या वर्षी मला ठेवतील असं वाटत नाही. तुझं कपाट वाचवायला आलो आणि स्वतःचाच बाक गेला.

अर्लेन

---

अंतर्गत टपाल
२१ फेब्रुवारी १९९५

कोच,

तुम्ही पोरं हेरायला गावोगाव फिरताय, त्यामुळे इथलं तुम्हाला माहीत नसेल, म्हणून लिहितेय.

तो फोटो डे मॉइनच्या पेपरात पहिल्या पानावर आला, मग शिकागोच्या, मग कुठल्या कुठल्या राज्यांतल्या. तेव्हापासून प्रवेश कचेरीतला फोन थांबत नाही. फोन करतात त्या आया. पहिला प्रश्न एकच: “तेच कॉलेज ना, जिथे नापास झालं की बाकावर दगड देतात?” कचेरीतली मुलगी आधी नाही म्हणायची, आता हो म्हणते. अर्ज गेल्या वर्षीपेक्षा इतके वाढले आहेत, की वसतिगृहाच्या बंद मजल्याचं कुलूप काढलं. त्यात खेळणारी पोरं कमीच आहेत. मुली आहेत, बँडवाले आहेत, आणि चेंडूला कधी हात न लावलेली पोरं आहेत. त्यांच्या आयांना वाटतं, इथे खेळाडूची गय करत नाहीत, मग आपल्या लेकराला नीट शिकवतीलच.

बोल्डरिज आता सगळीकडे सांगत फिरतात, की ती अट त्यांचीच कल्पना होती. तुमची नोकरी पक्की आहे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. माझा फोटो हातात दगड देऊन माहितीपुस्तकावर छापायचा म्हणतात. मी विचारलं, छताचं काय? ते हसले. मी हसले नाही. परवा गवंडी येऊन छत बघून गेला.

एक कबूल करायला हवं. तुमचं ते रविवारच्या पेपराचं म्हणणं बरोबर होतं. शून्य छापून आलं नसतं तर फोटोही छापून आला नसता. हे कुणाला दाखवू नका.

पण अर्ज म्हणजे विभाग नव्हे. मुख्य विषय दगड घेतलेली पोरं अजून सातच आहेत. कोपेकी पुन्हा परीक्षेला बसला आणि चांगला पास झाला. रोज अडीच वाजता सराव नसतानाही येतो आणि कपाटं पुसतो. त्याला मी काही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. कुणी ढकललं म्हणून कुणी यावं, असं मला नको आहे.

हे. टॉ.

---

नॉर्डहेम
१ मे १९९५

प्रिय अर्लेन,

आज पाचला नोंदणी बंद झाली. तेरा.

आठवा ते बारावा कोण ते सांगत बसत नाही, त्यातल्या दोन मुली आहेत आणि त्या तुझ्या पोरांपेक्षा हुशार आहेत. तेरावा कोपेकी. पावणेपाचला आला, धापा टाकत. म्हणाला, “मॅडम, उशीर झाला का?” मी विचारलं, कोचनी पाठवलं का? म्हणाला, “कोच म्हणाले, तुला हवं असेल तर जा, माझं नाव घेतलंस तर धावायला लावीन.” मी त्याला बाबांच्या कपाटाची किल्ली दिली. त्याने तो शिंपल्याचा दगड हातात घेतला, नीट फिरवून पाहिला आणि घाबरत घाबरत म्हणाला, “चुनखडी?” मी वहीत तेरावं नाव लिहिलं.

आता एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती ऑक्टोबरपासून माझ्या मनात आहे.

त्या शुक्रवारी निकाल तयार झाला तेव्हा दुपार होती. तुझी खोली हिरवळीपलीकडे आहे. मी स्वतः चालत येऊन देऊ शकले असते, आणि शिस्तीप्रमाणे तसंच करायला हवं होतं. मी ते पाकीट अंतर्गत टपालात टाकलं. तू ते सोमवारशिवाय उघडत नाहीस हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. आकडे मी बदलणार नव्हते. पण तुला शनिवार मिळावा असं मला वाटत होतं. देणगीदार येणार होते, तुझी नोकरी त्या सामन्यावर होती. मी माझ्या विभागापुरती कडक राहिले आणि तुझ्यासाठी मागचं दार उघडं ठेवलं. लाल टोपी घालून आले ती तुझी पोरं खेळताना बघायला. आणि बघते तर तू नऊच्या नऊ बाकावर बसवलेत.

लोक म्हणतात, हॅल्व्हरसनचं नाव त्या दगडांच्या बाईमुळे झालं. खरं म्हणजे त्या बाईने पळवाट ठेवली होती आणि तू ती घेतली नाहीस. मला याची लाज वाटते, आणि तुझा अभिमानही वाटतो, दोन्ही.

एकच विचारते. परिपत्रकांचा तो ढीग, त्यात एक पाकीट, शनिवार एका दिवसावर. ते पाकीट तू उघडलंस कशाला?

तुझी,
हेडविग

---

१ मे, संध्याकाळ

हेडी,

टेक्सासात अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय केलं? पोस्टमन आला की आधी तुझं अक्षर शोधायचं. ते दिसलं की मी पाकीट फोडतो, उभ्या उभ्या. त्या शुक्रवारीही मला तुझं अक्षर दिसलं, आणि आत निकाल असेल हे डोक्यातच आलं नाही. वाटलं, तू जेवायला बोलावलं असशील.

हे टपालात टाकत नाही, तुझ्या दाराखालून सरकवतोय. लेफ्सेचा वास बाहेर येतोय. मी पायरीवर उभा आहे आणि इथे चांगलंच गार आहे.

अर्लेन